कोरडवाहू व्यायाम आणि ओलिताचा व्यायाम

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्याकडे विदर्भात तालुक्याला जाणारा डांबरी रस्ता पहाटे साडेचारलाच जागा होतो. मुलं धावतात, मुली धावतात. कुणी अनवाणी, कुणी मोठ्या भावाचे बूट घालून. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी. एकेका गुणासाठी चाललेली ती धडपड पाहिली की वाटतं, या लेकरांना व्यायामाचं महत्त्व कुणी काय सांगावं!

मग यादी लागते आणि महिनाभरात रस्ता रिकामा होतो. ज्यांचं नाव लागलं नाही त्यांनी धावणं सोडलं तर समजू शकतं. पण ज्यांचं लागलं त्यांच्यातलेही कित्येक जण नोकरीत रुळल्यावर धावत नाहीत. त्याच रस्त्याला लागून ओपन जिमची लोखंडी साधनं उभी आहेत. बसवली तेव्हा पंधरा दिवस तिथं रांग लागायची. आता त्यांच्यावर ओले कपडे वाळत असतात.

गावात याचं एकच कारण सांगतात : “मनातच नाही त्यायच्या.” इच्छाशक्ती कमी पडली, आळस नडला, वगैरे. मला हे कारण चुकीचं वाटतं. चुकीचं आहे एवढंच नाही, त्यानं माणसाचं नुकसान होतं. तीनदा सुरू करून तीनदा सोडलेला माणूस ‘आपल्यात दमच नाही’ अशी स्वतःची समजूत करून घेतो आणि चौथ्यांदा उठतच नाही.

हा विषय आत्ता काढण्याचं कारण म्हणजे जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली एक पाहणी. तिचा हिशेब असा की भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. ‘ते शहरातल्या लोकांचं असेल’ असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण २०२३ साली मधुमेहाची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ टक्के आणि गावात ८.९ टक्के निघालं. म्हणजे गाव अजून मागे आहे. मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या प्रमाणात गाव आणि शहर यांत जवळजवळ फरकच नव्हता. उंबऱ्यावर आलेला आजार घरात यायला वेळ लागत नाही.

आधी हिशेब : किती केलं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी : प्रौढ माणसानं आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचे. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

मध्यम श्रम ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्याशी बोलता येतं, पण भजन म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांतच धाप लागते, म्हणजे जोराचे. १५० मिनिटं पाच दिवसांत वाटली तर रोजचा अर्धा तास होतो. तोही एका दमात पुरा करायला हवा असं नाही. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत, आता ती अट काढून टाकली आहे.

मोबाइलवर पावलं मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ ठेवलं. पुढे अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा अभ्यास २०१९ साली आला. त्यात रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. आजीची चार हजार पावलं झाली असतील तर तिला ‘अजून सहा हजार राहिली’ असं म्हणू नका.

इच्छा म्हणजे पाऊस

आपल्याकडची बहुतेक शेती कोरडवाहू. पाऊस आला की चार दिवसांत वावर हिरवं होतं, खंड पडला की तेच पीक माना टाकतं. व्यायामाची इच्छा नेमकी अशीच असते. रक्ताच्या तपासणीत साखर निघाली, ओळखीचा कुणी चाळिशीतच छातीत दुखून गेला, लग्नाच्या फोटोत स्वतःचं पोट दिसलं, की मनात सर येते. ‘बस, उद्यापासून!’ ही भावना खोटी नसते. त्या रात्री माणूस मनापासूनच बोलत असतो. पण पाऊस जसा आपल्या हातात नाही तशी ही सरही नाही. आठ-दहा दिवसांत ओसरते, आणि तिच्यावर उगवलेला व्यायामही वाळतो.

विहीरवाला आभाळाकडे पाहतो, पण त्याचं पीक आभाळावर टांगलेलं नसतं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सोबतीचं माणूस आणि लागलेली सवय या चार गोष्टी म्हणजे व्यायामाचं ओलीत. माझं सांगणं थोडक्यात एवढंच आहे की इच्छा वाढवायच्या मागे लागू नका, विहीर खणा. या लेखात पुढे आहे ते विहीर कशी खणायची त्याबद्दलच.

मानसशास्त्रात इथं दोन शब्द वापरतात, ते एकदाच सांगतो. बाहेरच्या बक्षिसामुळे किंवा भीतीमुळे काही करणं ही बाह्य प्रेरणा. त्या कामातच मन रमतं म्हणून ते करणं ही आंतरिक प्रेरणा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस एखादी गोष्ट दीर्घकाळ धरून ठेवतो ते तीन गोष्टी मिळाल्या तर : ती त्यानं स्वतः निवडलेली असावी, तिच्यात आपण सुधारतो आहोत असं जाणवावं आणि तिच्यामुळे माणसांशी नातं जुळावं.

भरतीचं धावणं ही बाह्य प्रेरणा. ती वाईट नाही. पेरणी पहिल्या पावसावरच होते, पण सगळा हंगाम त्या एका पावसावर निघत नाही. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना कुणी असं विचारत नाही की ‘तुला यातलं आवडतं काय?’ एखाद्याला धावणं नकोसं आणि कबड्डी प्रिय असते, एखादीला सूर्योदयाच्या वेळचा रस्ता आवडतो. यादी लागल्यानंतर टिकणार असतं ते हेच, आणि त्याची चौकशी आधीच व्हायला हवी.

संत्र्याची बाग आणि आंतरपीक

व्यायाम सुटण्याचं दुसरं कारण वरूड-मोर्शीकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. संत्र्याचं झाड लावलं की फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर घर चालायचं कसं? म्हणून ओळींच्या मधल्या जागेत आंतरपीक घेतात.

व्यायामाचे मोठे फायदे, म्हणजे हृदय बळकट राहणं, साखर आटोक्यात येणं, साठीतही गुडघ्यांनी साथ देणं, ही संत्री आहेत. ती उशिरा येतात. आपल्या मेंदूची घडण मात्र अशी आहे की उद्याचा रुपया त्याला आजच्या चार आण्यांएवढाच दिसतो. पहाटे पाचला एका पारड्यात वीस वर्षांनंतरचं हृदय असतं आणि दुसऱ्यात आत्ताची ऊबदार वाकळ. वाकळ जिंकते, यात आळसाचा प्रश्न नाही. म्हणून व्यायामात आंतरपीक घ्यावं लागतं. असं काहीतरी, जे आजच हाती पडेल.

ते कुठून आणायचं? काही गोष्टी व्यायाम स्वतःच देतो, आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही एवढंच. चालून आल्यावर मन हलकं होतं. रात्री झोप लवकर लागते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर त्या जेवणानंतर वाढणारी साखर कमी वाढते. हा परिणाम त्याच दिवशीचा आहे. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर एक दिवस जेवून बसून पाहा, दुसऱ्या दिवशी तेच जेवून चालून पाहा. समोर दिसणाऱ्या आकड्याला जे वजन असतं ते दहा उपदेशांना नसतं.

दुसरी युक्ती म्हणजे आवडीची गोष्ट व्यायामाला बांधून टाकायची. कॅथरीन मिल्कमन या अमेरिकन प्राध्यापिकेचा यावरचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. उत्कंठा वाढवणाऱ्या कादंबऱ्या काही लोकांना ऐकायला दिल्या, पण त्या फक्त व्यायामशाळेतच ऐकता येतील अशा बेतानं. सुरुवातीला ते इतरांपेक्षा निम्म्यानं जास्त वेळा व्यायामाला आले. आपल्याकडे एखाद्या आवडत्या कीर्तनकाराचं कीर्तन फक्त चालतानाच ऐकायचं, बाजेवर पडून नाही, असं ठरवता येतं. त्या प्रयोगाचा शेवटही सांगायला हवा : सणाची मोठी सुट्टी आली आणि परिणाम विरला. दिवाळी आली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आणि पहिल्या आठवड्यात जोर लावू नका. भरतीच्या मुलांबरोबर पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर धावलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी पाहिला आहे. दोन दिवस त्याला खाली बसता येत नव्हतं. धाप लागून जीव नकोसा होईल इतका श्रम केला की शरीर ती आठवण जपून ठेवतं, आणि पुढच्या पहाटे तीच आडवी येते. ‘अजून थोडं चाललो असतो’ असं वाटत असतानाच घरी या.

चाकोरी कशी पडते

चाकोरी हा शब्द आता आपण कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. पण तो मूळचा बंडीच्या चाकाचा. पावसाळ्यानंतर काळ्या मातीच्या पांदणीतून पहिली बंडी जाते तेव्हा बैलांना हाकावं लागतं, चाक इकडेतिकडे ओढतं. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की मातीत खोबण पडते. मग धुरकऱ्याला डुलकी लागली तरी बंडी बरोबर वावराच्या तोंडाशी जाते.

सवय ही मेंदूतली चाकोरी. ती पडायला दोन गोष्टी लागतात : तीच खूण आणि तीच कृती, पुन्हा पुन्हा. खूण म्हणजे कृती सुरू करून देणारी ठरलेली गोष्ट. चूळ भरली की हात चहाच्या कपाकडे जातो, तिथं चूळ ही खूण.

किती दिवस लागतात? ‘२१ दिवस करा, सवय लागते’ हे मोबाइलवर रोज फिरतं. १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनानं लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस तरी लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला, ‘चेहरा’ही गळाला, आणि आकडा तेवढा उरला. खरी मोजणी लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली, ती २०१० साली छापून आली. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली. ती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत अंतर मोठं होतं : कुणाला १८ दिवस, कुणाला अंदाजे २५४. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा.

२१ दिवसांवर विश्वास ठेवलेला माणूस बाविसाव्या दिवशीही पहाटे कष्टानं उठतो आणि ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं समजून सोडून देतो. काहीही कमी नसतं. चाकोरी अजून पडायची असते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

‘उद्यापासून’ नाही, ‘दूध घालून आल्यावर’

‘उद्यापासून चालायला जाईन’ या वाक्यात खूण नाही. कधी, कुठून, कशानंतर, काहीच नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली विद्यार्थ्यांवर झालेला एक साधा प्रयोग मला या सगळ्या संशोधनात सर्वांत उपयोगाचा वाटतो. एका गटाला नुसतं व्यायामाची नोंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्या गटाला व्यायाम न केल्यास हृदयाचं काय होतं ते वाचायला दिलं. तिसऱ्या गटाला तेही दिलं आणि शिवाय एका कागदावर लिहायला लावलं : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्के जणांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्के जणांनी आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के जणांनी.

दुसऱ्या गटाचा आकडा पुन्हा पाहा. भीती घालून काहीच झालं नाही. आपल्या शिबिरांतली भाषणं, घरातली ‘असंच राह्यलं तं मरशीन’ ही बोलणी, या सगळ्यांची गत तीच. घरच्यांनी काळजीपोटी बोलणं थांबवावं असं नाही. पण तेवढीच काळजी ‘सांजच्याला किती वाजता निघायचं? मी येतो संग’ या वाक्यात घातली तर ती कामी येते.

खेड्यात एक मोठी सोय आहे : आपला दिवस घड्याळापेक्षा कामांनी बांधलेला असतो. दूध डेअरीवर घालून आलं की. गुरं सोडली की. सांजच्या प्रार्थनेची घंटा झाली की. यांतली एक खूण निवडा, जी तुमच्या घरी काही झालं तरी रोज घडतेच. तिला व्यायाम जोडा आणि वाक्य पूर्ण लिहा : “डेअरीवर दूध घातलं की डबा तिथंच ठेवून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईन.” डबा परत न्यायचा आहे, म्हणजे परतीची वाटही बांधली गेली.

“आमी तं दिवसभर वावरातच असतो, आमाले कायचा व्यायाम?”

हा आक्षेप गंभीर आहे आणि अर्धा खरा आहे. शेतातले कष्ट हिशेबात येतात, जागतिक आरोग्य संघटनाही ते धरते. रोज सात-आठ तास अंगमेहनत करणाऱ्या मजुराला १५० मिनिटं शिकवायची गरज नाही.

पण स्वतःशी खरं बोलायचं तर वावरातलं काम पूर्वीचं राहिलं आहे काय? निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वखराच्या जागी ट्रॅक्टर, सोयाबीन काढायला हार्वेस्टर. वावरात पायदळ जाणारा माणूस आता धुऱ्यापर्यंत फटफटीनं जातो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली होती. १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. एकच बस, एकच नोकरी, पण दिवसभर जिना चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आणि बसून राहणाऱ्या चालकांना जास्त. आपल्या घरांत हीच तुलना बाप-लेकांची आहे : बाप वखरामागे चालत होता, लेक ट्रॅक्टरवर बसतो. वावर तेच, अंगाला पडणारं काम वेगळं.

शिवाय काम हंगामाचं आहे. जूनची पेरणी, पावसाळ्यातलं डवरण, ऑक्टोबरात सोयाबीन, मग जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापूस. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी आणि कापणी. त्यानंतर ओलीत नसलेल्या घरात मार्चपासून हालचाल एकदम घटते, पण ताटातलं जेवण तेवढंच राहतं. व्यायामाची गरज सर्वांत जास्त या तीन महिन्यांत असते.

तिसरी बाजू कष्टकऱ्यांच्या बाजूनं बोलणारी आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी असं मांडलं आहे की कामावरचे जड कष्ट आणि फुरसतीतला व्यायाम यांचा शरीरावर सारखाच परिणाम होत नाही. कष्ट तासन् तास चालतात, वेग आपल्या हाती नसतो, विसावा पुरेसा मिळत नाही आणि भार ठरावीक सांध्यांवरच पडतो. गरिबीचाच हा परिणाम आहे काय, असा वाद त्यावर अजून चालू आहे. पण कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला त्यातला पहिला भाग पटवून द्यावा लागणार नाही. तिला ‘रोज अर्धा तास फिरत जा’ असं सांगणं अन्यायाचं आहे. वेचणीच्या दिवसांत तिला हवा असतो विसावा, पाठ मागे ताणायचे दोन साधे प्रकार आणि घरी आल्यावर पाणी भरायला दुसऱ्या कुणाचे तरी हात. ताकदीचा व्यायाम तिनं सुगी संपल्यावर सुरू करावा. पुढच्या वेचणीत कंबर वाचते ती त्यानं.

“बाईमाणूस रस्त्यानं फिराले लागली तं लोकं काय म्हणतीन?”

२०२४ च्या त्या पाहणीत पुरेशी हालचाल नसलेल्या भारतीय पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आहे आणि बायकांचं ५७. हा फरक इच्छेचा नाही. पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून निघतो. बाईला विचारून निघावं लागतं, परत आल्यावर चूल तिचीच असते, आणि रस्त्यात ‘काय वं, कोन्या गावाले?’ हा प्रश्न असतोच. तिला इच्छाशक्तीचे धडे देण्याआधी घरानं तिचा अर्धा तास मोकळा करावा. एवढी एक गोष्ट झाली तर बाकीची निम्मी अडचण सुटते.

उरलेली निम्मी संख्येनं सुटते. एकटी बाई चालली तर चर्चा होते, सहा जणी चालल्या तर आठ दिवसांत गावाला त्याची सवय होते. बचत गट गावोगाव आहेत, आठवड्या-पंधरवड्याची बैठक ठरलेली असते. बैठकीआधी गटानं पांदणीनं एक फेरी मारायची, एवढाच ठराव पुरे आहे. ज्यांना बाहेर पडणं शक्यच नाही त्यांना अंगण आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, भिंतीला हात लावून जोर काढायचे, पायऱ्या चढायच्या. पाच मिनिटं फुगडी घालून पाहिली तर जोराचे श्रम म्हणजे काय ते कुणी वेगळं सांगायला नको.

दिंडीचं बळ

घरापासून किराणा दुकानापर्यंत फटफटी काढणारा माणूस अकोल्याहून शेगाव पायदळ जातो. त्याच्या पायांत एका रात्रीत नवं बळ येत नाही. पुढे पताका, बाजूला ओळखीची माणसं, तोंडात ‘गण गण गणात बोते’, आणि थांबलो तर कुणीतरी हात धरून उठवणार हा भरवसा. शेगावची पालखी दरवर्षी पंढरपूरपर्यंत पायी जाते, ती याच बळावर.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपले देशी खेळ जगाला दाखवले. शंभरावर वर्षं टिकलेल्या अशा संस्था पाहिल्या की मला वाटतं, आखाड्याला हे मर्म आधीच कळलं होतं. तिथं ठरलेली वेळ होती, सोबतीचे गडी होते, आणि आला नाहीस तर वस्ताद घरी माणूस पाठवायचा. तुकडोजी महाराजांनी गावोगाव रुजवलेली सामुदायिक प्रार्थना अजून कित्येक गावांत रोज होते. रोज, ठरल्या वेळी, माणसं जमतात, म्हणजे खूण आणि सोबत दोन्ही तयार आहेत. आमच्याकडे प्रार्थनेनंतर पाच-सहा जण शाळेपर्यंत चालून येतात. त्यातल्या कुणालाही मी ‘मला व्यायामाचा कंटाळा येतो’ म्हणताना ऐकलं नाही. ते त्याला व्यायाम म्हणतच नाहीत.

ऊन, चिखल आणि वाघ

पुण्या-मुंबईचे सल्ले इथं अडखळतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी आठला फिरायला जाणं धोक्याचं. शरीराला वाढत्या उन्हाशी जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस व्यायाम निम्मा करा, सूर्योदयाच्या आत उरका, पाणी पिऊन निघा. पावसाळ्यात पांदण चिखलानं भरते आणि गवतात विंचूकाट्याचं भय असतं. तेव्हा ओसरीत बैठका, जोर, सूर्यनमस्कार. जागा आणि प्रकार बदला, पण वेळ आणि खूण तीच ठेवा. चाकोरी वाचते ती त्यानं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि ताडोब्याच्या बाजूच्या गावांत मात्र पहाटे अंधारात एकट्यानं रस्त्यावर जाऊच नये. तिथं उजाडल्यावर, घोळक्यानं, वस्तीच्या आत. व्यायाम जिवासाठी आहे.

सुरू करण्याआधी

तिशी ओलांडलेल्यांना बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात मोफत मिळते, ती आधी करून घ्या. आशाताईंना विचारलं तर दिवस सांगतील. चालताना छातीत दडपण येत असेल, भोवळ येत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालू नका. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी दमछाक होईल असा व्यायाम आणि तहानलेलं राहणं दोन्ही टाळावं, आणि किती करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. गावातल्या धावण्याच्या शर्यतीत अशा मुलाला ‘भित्रा’ म्हणून ढकलू नये, ही विनंती शिक्षकांना.

मोडलं तर? दुबार पेरणी

मोडणारच. सोयाबीनची सोंगणी येईल, लग्नसराई येईल, घरात आजारपण येईल, दिवाळीला पाहुणे येतील. वीस दिवस चुकतील.

पावसानं दगा दिला आणि पेरलेलं उगवलं नाही तर आपला शेतकरी ‘मला शेतीच जमत नाही’ असं म्हणत नाही. पोटात गोळा येतो, बियाण्याचा खर्च पुन्हा होतो, पण तो दुबार पेरणी करतो. व्यायामात तर बियाण्याचा खर्चही नाही, आणि पहिली पेरणी पूर्ण वाया गेलेली नसते. चाकोरीत थोडी माती पडलेली असते एवढंच, बंडी दोन-चार फेऱ्यांत तिथंच लागते.

दुबार पेरणीचेही नियम असतात. चुकलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, वीस दिवसांचं एका दिवशी चालायचं नाही. पहिले तीन दिवस निम्म्यावर सुरू करायचं. आणि मोडण्याआधीच परतीची खूण लिहून ठेवायची : “सोयाबीन घरात आलं की दुसऱ्या दिवशी दूध घातल्यावर.”

आमच्या शेजारच्या काकूंना साखर निघाली त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या चालतात, आणि दरवर्षी कापसाच्या दिवसांत त्यांचं चालणं बंद पडतं. पहिल्या वर्षी त्या रडल्या होत्या, “आता काई होत नाई माह्याच्यानं” म्हणून. आता वेचणीला जाण्याआधी त्या चालायच्या चपला पिशवीत घालून देवघराखालच्या फडताळात ठेवतात. संक्रांतीचं वाण तिथूनच काढायचं असतं, म्हणजे पिशवी हाती लागते. या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांच्या फाटकाची कडी वाजली. बाहेर बचत गटातल्या दोघी उभ्या होत्या, आणि काकू चपला घालूनच दारात आल्या.